दगडाचा चिवटपणा

आपल्या हैद्राबाद शहराभोवती पसरलेला ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांचा आहे. गोवळकोंड्याचा किल्ला याच खडकावर उभा आहे. असा कठीण दगड पाथरवट मात्र सरळ रेषेत दुभंगतो. तो ओळीने भोके पाडतो, त्यांत पोलादी पाचरा बसवितो व क्रमाक्रमाने घणाचे घाव घालतो. अखेर भोकाभोकांतून चीर धावते आणि शिळेची दोन शकले होतात.

यामागील मर्म १९२१ साली ग्रिफिथ या इंग्रज शास्त्रज्ञाने काचेवर प्रयोग करून उलगडले. पदार्थात पूर्वीच सूक्ष्म भेगा असतात. भेग वाढली की ताणामुळे साठलेली ऊर्जा मोकळी होते. नवे पृष्ठभाग निर्माण करण्यास ती पुरेशी ठरली की भेग पुढे सरकते. म्हणून पदार्थाचा कठीणपणा पाहून भागत नाही. भेग पडल्यावर तो किती तग धरतो, हेही पाहावे लागते. या गुणास आपण भंग-चिवटपणा म्हणू. काच मऊ लोखंडावर ओरखडा काढू शकते. परंतु पडताच फुटते ती काचच!

हा गुण मोजण्यासाठी दगडास आधी मुद्दाम जखम करावी लागते. खडकातून काढलेल्या दंडगोलाची चकती कापून तिचे दोन अर्ध करतात. अर्ध्या चकतीच्या सपाट कडेच्या मध्यावर बारीक खाच पाडतात. ती कड खाली ठेवून चकती दोन रुळांवर टेकवितात आणि वरून भार हळूहळू वाढवितात. खाचेच्या टोकातून चीर निघते व चकती दुभंगते. त्या वेळचा सर्वाधिक भार, चकतीची मापे आणि खाचेची लांबी यांवरून गणित मांडतात. आंतरराष्ट्रीय शैलयांत्रिकी संस्थेने २०१४ साली ही पद्धत सुचविली. ग्रॅनाइट खिडकीच्या काचेहून बहुधा दुप्पट चिवट भरतो. पोलाद त्याहून कित्येक पटींनी अधिक.

या मोजमापाचे मोल काय? ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेच्या भूकंपाने महाराष्ट्र हादरला. तेथील भूगर्भ जाणण्यासाठी हैद्राबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या सहभागाने सुमारे ३ किलोमीटर खोल विवर खणण्यात आले. बेसाल्टच्या थरांखाली तेथेही ग्रॅनाइटच्या जातीचाच खडक लागला. भूगर्भातील भेगा कशा वागतील, हे ठरविणाऱ्या अनेक गुणांपैकी चिवटपणा हा एक होय. धरण बांधणारा वा बोगदा खणणारा अभियंता त्याची उपेक्षा करू शकत नाही. कारण मोठा विध्वंस पुष्कळदा लहानशा भेगेतूनच सुरू होतो.