हेलियम कुणाचं, कार्बन कुणाचा?

पाठ्यपुस्तकात मूलद्रव्यांचा जन्म दोन ओळींत उरकतात: हलकी महास्फोटात झाली, जड ताऱ्यांत झाली. उत्तर बरोबर आहे. पण तुम्ही संशोधनाकडे वळणार असाल तर या उत्तरापर्यंतचा रस्ता जास्त कामाचा आहे. कारण त्यावर दोन गट भांडत होते आणि दोघंही अर्धेच बरोबर निघाले.

पहिला गट जॉर्ज गॅमॉव आणि त्याचा पीएचडीचा विद्यार्थी राल्फ आल्फर यांचा. १९४८ साली त्यांचं म्हणणं असं की, सगळी मूलद्रव्यं विश्वाच्या सुरुवातीलाच तयार झाली. आता कागद घ्या, आजच्या आकड्यांनी हिशेब करून बघू. अगदी सुरुवातीला प्रोटॉन आणि न्यूट्रॉन जुळून ड्युटेरियम बनलं, तरी तापलेले फोटॉन ते लगेच फोडायचे. साधारण तीन मिनिटांनी तापमान अब्ज अंशांच्या खाली आलं आणि ड्युटेरियम टिकू लागलं. तेव्हा दर ७ प्रोटॉनांमागे १ न्यूट्रॉन उरला होता. म्हणजे २ न्यूट्रॉन, १४ प्रोटॉन. दोन न्यूट्रॉनांनी दोन प्रोटॉन घेतले की एक हेलियम. १६ पैकी ४ कण हेलियमात, म्हणजे वस्तुमानाचा पाव भाग. निरीक्षणांतही जवळपास तेवढंच सापडतं!

पण गाडी इथेच अडते. ५ किंवा ८ कणांचं एकही स्थिर केंद्रक नाही. पुढची पायरीच नसल्यामुळे चिमूटभर लिथियमच्या पलीकडे फारसं काही बनत नाही.

दुसरा गट फ्रेड हॉईलचा. त्याला महास्फोटच मान्य नव्हता, त्यामुळे सगळं ताऱ्यांत शिजवणं त्याला भागच होतं. तीन हेलियम मिळून कार्बन व्हायचा, तर कार्बनच्या केंद्रकाला ७.६५ एमईव्हीच्या आसपास एक ऊर्जापातळी हवी, असं त्याने आधी सांगितलं. १९५३ मध्ये कॅलटेकच्या प्रयोगशाळेत ती सापडली. पण हेलियमचा हिशेब काही जुळेना. साध्या ताऱ्यांतून एवढं हेलियम येणं शक्य नाही, हे १९६४ मध्ये हॉईलनेच रॉजर टेलरबरोबर लिहिलं.

कोल्हापूरचे जयंत नारळीकर केंब्रिजमध्ये याच हॉईलचे विद्यार्थी. १९७२ मध्ये ते कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये आले. महास्फोटाबद्दलची शंका त्यांनी सोडली नाही. १९९३ मध्ये हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी पर्यायी सिद्धांत मांडला. बहुतेक विश्वशास्त्रज्ञांनी तो स्वीकारला नाही. तरीही हॉईलचं कार्बनचं गणित आजही जसंच्या तसं शिकवतात. सिद्धांत हरला, म्हणून त्यातून निघालेला प्रश्न वाया जात नाही.

मग उरलेल्याचं काय? परळच्या रेल्वे वर्कशॉपातलं लोखंड घ्या. त्यातलं बरंचसं स्फोट पावलेल्या ताऱ्यांत आधी निकेल-५६ म्हणून बनलं, मग कोबाल्ट आणि शेवटी लोह. लोहाच्या पुढे केंद्रकं जोडून ऊर्जा सुटत नाही, म्हणून तिथून पुढे न्यूट्रॉन गिळत जावं लागतं. झवेरी बाजारातल्या सोन्यासाठी तर ते फार झपाट्याने व्हावं लागतं. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीचे गुरुत्वतरंग मिळाले आणि त्या प्रकाशात अशा जड मूलद्रव्यांच्या खुणा दिसल्या. त्या टकरीचा रेडिओ पाठपुरावा करणाऱ्या दुर्बिणींत नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटीही होती.

तेव्हा संशोधनाचा विषय निवडताना ‘कुठला सिद्धांत खरा’ एवढंच विचारू नका. ‘याचा हिशेब नेमका कुठे अडतो’ हेही विचारा. अडलेला एक हिशेब आजही समोर आहे: महास्फोटाच्या गणितातून जितकं लिथियम यायला हवं, त्याच्या साधारण एक तृतीयांशच जुन्या ताऱ्यांत दिसतं. ताऱ्यांनी ते संपवलं की आपल्या गणितातच काही सुटलंय, यावर अजून एकमत नाही. वही उघडी ठेवा, जागा रिकामी आहे.