झाडावरची कप्पी आणि कडी

आम्ही घोटीहून, बचत गटाच्या वतीने बोलतोय. जांभळाचे दिवस आले की गटाच्या बैठकीत करंड्यांसाठी, गाडीभाड्यासाठी कर्ज मागितलं जातं. मागच्या हंगामात मात्र एका ताईंनी कर्ज घेतलं ते मालकांच्या मोडलेल्या पायासाठी. फांदी मोडली नव्हती, दोरही तुटला नव्हता. कप्पी अडकवायला किल्ल्यांची कडी वापरली होती, ती उघडली.

आपल्या भागात अलंग-मदन-कुलंग चढायला येणाऱ्या गिर्यारोहकांच्या कमरेला तशाच दिसणाऱ्या कड्या असतात. त्यांना कॅरॅबिनर म्हणतात. खऱ्या कॅरॅबिनरवर त्याची ताकद किलोन्यूटनमध्ये कोरलेली असते. एक किलोन्यूटन म्हणजे साधारण 100 किलोचा भार. लांबीच्या दिशेने 22 किलोन्यूटन पेलणारा कॅरॅबिनर आडवा ओढला गेला किंवा त्याचं तोंड उघडं राहिलं, तर तो जेमतेम 7-8 पेलतो. म्हणून तोंडाला फिरकीचं कुलूप असलेलाच घ्यावा, आणि चढण्याआधी कुलूप लागलंय का ते दाबून बघावं. तो फांदीवर टेकू देऊ नये. फांदीला जाड पट्टा बांधून त्याखाली मोकळा लोंबू द्यावा.

आता कप्पीचं बघू. विहिरीवर 10 किलोची बादली ओढताना आपण 10 किलोचा जोर लावतो. मग कप्पीवर किती भार येतो? दोन्ही बाजूंचा मिळून 20! झाडावरही तसंच. 60 किलोचा माणूस दोराला लोंबकळतोय आणि दुसरं टोक खाली धरलंय किंवा बुंध्याला बांधलंय, तर फांदीवर 120 किलो येतात. दोर सैल असताना तो घसरला, तर हिसक्याने भार आणखी कितीतरी वाढतो.

म्हणून आधाराची फांदी जिवंत, मांडीएवढी जाड हवी आणि दोर खोडाजवळ हवा. पोकळ, अळंबी आलेली फांदी नको. जांभूळ आणि शेवगा तर ठिसूळच. आधी खालून दोघींनी दोराला लटकून बघावं. झाड ओलं असेल किंवा जवळून विजेची तार जात असेल, तर चढूच नये.

विहिरीची कप्पी करंड्या उतरवायला ठीक, माणसासाठी नाही. माणसासाठी गिर्यारोहणाचीच कप्पी, दोर आणि कमरपट्टा हवा, आणि दोर अडवायची पद्धत जाणकाराकडून शिकूनच घ्यावी. नुसत्या हाताने धरलेल्या दोराच्या भरवशावर कुणाला चढवू नका. दोर हाताला किंवा कमरेला गुंडाळू नका.

आमच्या गटाने आता ठरवलंय. साहित्य गटाचं, वहीत नोंद करून द्यायचं आणि परत येताना तपासून घ्यायचं. चीर पडलेली कप्पी, तंतू निघालेला दोर बाद.

मैत्रिणींनो, झाडावर बहुधा पुरुष चढतात, पण खाली दोर धरायला आपणच असतो. तेव्हा कडी बघितल्याशिवाय दोर हातात घेऊ नका. "थांबा, उतरा" म्हणायला लाजू नका.