डोंगरमाथ्यावरची दुर्बीण

‘दुर्बीण’ हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. दूरबीन म्हणजे दूरचे पाहणारी. हा शब्द फारसीतून उर्दूत आला, तसाच मराठीतही आला. पण दूरची वस्तू मोठी करून दाखवणे एवढेच दुर्बिणीचे काम नसते. तिचे मुख्य काम प्रकाश गोळा करणे हे आहे. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली सुमारे सात मिलिमीटर रुंद होते. दोन मीटर व्यासाचा आरसा असलेली दुर्बीण डोळ्याच्या सुमारे ८० हजार पट प्रकाश गोळा करते. म्हणूनच आपल्याला न दिसणारे अंधूक तारे तिला दिसतात.

अशी एक दुर्बीण आपल्या देशात लडाखमधील हानले या गावाजवळ आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ४५०० मीटर उंचीच्या डोंगरावर ती २००० साली बसवण्यात आली. लाहोर येथे जन्मलेले थोर शास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांना १९८३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचेच नाव या दुर्बिणीला दिले आहे.

तुम्ही विचाराल, इतक्या दूर आणि उंच जागी दुर्बीण कशासाठी न्यायची? उंचावर गेल्याने तारे जवळ येतात का? मुळीच नाही. ताऱ्यांच्या अंतरापुढे चार-पाच किलोमीटर म्हणजे काहीच नव्हे. खरी अडचण हवेची आहे. वाहत्या ओढ्याच्या तळाशी असलेला खडा हलताना दिसतो. खडा स्थिर असतो. हलते ते पाणी. ताऱ्यांचे लुकलुकणेही असेच आहे. त्यांचा प्रकाश हलत्या हवेतून येतो, म्हणून ते लुकलुकतात आणि दुर्बिणीतील चित्र पुसट होते. हानलेच्या डोंगरावर गेले, की वातावरणातील सुमारे चाळीस टक्के हवा खालीच राहते. शिवाय हिमालय पावसाळी ढगांना अडवतो. त्यामुळे तेथील हवा कोरडी आणि आकाश पुष्कळ रात्री निरभ्र असते.

मात्र तेथे हिवाळ्यात तापमान शून्याखाली वीस अंशांच्याही खाली उतरते. विरळ हवेत श्वास घेणेही जड जाते. म्हणून बंगळूरुजवळील होसकोटे येथे बसलेले शास्त्रज्ञ ही दुर्बीण उपग्रहाच्या साहाय्याने चालवतात. दुर्बिणीला डोळा लावून कोणी बसत नाही. कॅमेरा चित्रे घेतो आणि ती संगणकावर येतात.

मग या दुर्बिणी पाहतात तरी काय? ताऱ्याच्या प्रकाशाचे रंग वेगळे केले, की वर्णपट मिळतो. त्यावरून ताऱ्यात कोणती मूलद्रव्ये आहेत आणि तो किती तप्त आहे हे कळते. ताऱ्यांचे स्फोट, धूमकेतू आणि दूरच्या दीर्घिका यांचाही अभ्यास होतो. देवयानी दीर्घिकेचेच पाहा. अब्दुर रहमान अस-सूफी यांनी दुर्बिणीच्या शोधापूर्वी, इ. स. ९६४ च्या सुमारास, एक लहानसा ढग म्हणून तिची नोंद केली होती. तो ढग म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह आहे. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे २५ लाख वर्षे लागतात.

२०१६ साली सुमारे ४० प्रकाशवर्षे दूर असलेल्या ‘ट्रॅपिस्ट-१’ या ताऱ्याभोवती फिरणारे ग्रह सापडले. ते ग्रह थेट दिसले नाहीत. ग्रह ताऱ्यासमोरून गेला, की ताऱ्याचा प्रकाश जेमतेम एक टक्का कमी होत असे. त्यावरून ते ओळखले गेले. या शोधात हानलेच्या दुर्बिणीचाही वाटा होता.

इतका सूक्ष्म फरक टिपायचा, तर आकाश काळेभोर हवे. शहरातील दिव्यांचा उजेड वर जाऊन आकाश धूसर करतो. म्हणूनच पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेने आपली दुर्बीण शहरात न ठेवता सुमारे ८० किलोमीटर दूर, गिरवली येथील डोंगरावर उभारली. पण शहरे वाढतात आणि त्यांचा उजेड डोंगरांपर्यंत पोहोचतो. दुर्बीण पुन्हा बांधता येते. गेलेला अंधार परत आणणे कठीण असते.

हानलेच्या लोकांनी हे ओळखले आहे. २०२२ साली तेथील परिसर अंधाऱ्या आकाशाचे राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. तेथे रात्री खिडक्यांना पडदे लावतात आणि दिव्यांचा उजेड खाली वळवतात. गावातील काही तरुण-तरुणींना दुर्बिणी व प्रशिक्षण मिळाले आहे. ते पाहुण्यांना तारे दाखवतात आणि त्यातून चार पैसेही मिळवतात.

आज रात्री तुम्हीही गच्चीवर किंवा अंगणात जा आणि किती तारे दिसतात ते मोजा. मग दारावरचा नको असलेला दिवा मालवा, दहा-पंधरा मिनिटे थांबा आणि पुन्हा मोजा. आधी न दिसलेले काही तारे आता दिसू लागतील. ते तेथेच होते. आपल्याच उजेडाने ते झाकले गेले होते.