खिडकी बदलताना आधी शब्द समजून घ्या

२०१९ व २०२१ च्या महापुरात शिरोळ-करवीरकडे पुष्कळ घरांच्या लाकडी चौकटी पाण्यात राहिल्या. अशी खिडकी बदलताना दुकानदार चौरस फुटाचा दर सांगतो. त्यात काच, जाळी, गज, बसवणावळ धरली आहे का, हे विचारा. गज बहुधा वेगळेच निघतात!

दोन झडपांची सरकती खिडकी निम्मीच उघडते; चुलीच्या खोलीला बिजागरीची बरी. सरकतीच्या खालच्या रुळाला बाहेरून भोके हवीत, नाहीतर वळवाचे पाणी घरात उतरते.

‘जुन्या चौकटीतच नवी बसवू, भिंत फोडायला नको,’ असे सांगितले तर खालच्या लाकडात स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. तो सहज रुतला, तर जुनी चौकट काढायलाच लावा आणि त्या कामाचा खर्च आधीच लिहून घ्या.