निकष कुणासाठी?

फुफ्फुसाचा कर्करोग बहुधा उशिरा कळतो. लक्षणे दिसेपर्यंत तो पसरलेला असतो. अमेरिकेत ५३,४५४ जणांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०११ साली आला : कमी किरणांच्या सीटी स्कॅनने तपासलेल्यांमध्ये या रोगाचे मृत्यू एक्स-रेने तपासलेल्यांपेक्षा २० टक्क्यांनी घटले.

पण स्कॅन मिळणार कुणाला? २०१३ चा मुख्य निकष : वय ५५ ते ८०, रोज एक पाकीट या हिशेबाने ३० वर्षांचे धूम्रपान. वरवर सर्वांना समान! प्रत्यक्षात कृष्णवर्णीयांना कमी सिगारेटी ओढूनही, कमी वयात हा रोग गाठतो. २०१९ च्या एका अभ्यासात कर्करोग झालेल्या धूम्रपान करणाऱ्या गोऱ्यांपैकी ५६ टक्के या निकषात बसत होते. कृष्णवर्णीयांपैकी फक्त ३२ टक्के. मूळ चाचणीतच कृष्णवर्णीय ५ टक्क्यांहून कमी होते. ज्यांना मोजलेच नाही, त्यांच्यासाठी माप कसे बनणार?

२०२१ मध्ये निकष बदलला : वय ५०, धूम्रपानाचा हिशेब २० वर्षांचा.

भारताच्या सरकारी कर्करोग तपासणीत तोंड, स्तन, गर्भाशयमुख आहे, फुफ्फुस नाही. उद्या ते आले, तर विडी, दगडखाणीतली धूळ, चुलीचा धूर निकषात मोजला जाईल काय? हा प्रश्न आजच विचारला पाहिजे. विषम परिस्थितीतल्या माणसांना एकच माप लावणे म्हणजे समता नव्हे!