चक्री पेप्टाइडे

ॲमिनो अम्लांच्या साखळीची टोके अथवा पार्श्वशाखा परस्परांशी जोडल्या जाऊन ज्यांच्या रेणूत वलय तयार झालेले असते, अशी पेप्टाइडे. ऑक्सिटोसीन हे हॉर्मोन, ग्रॅमिसिडीन-एस हे प्रतिजैव आणि कवकापासून मिळणारे सायक्लोस्पोरीन ही त्यांची नैसर्गिक उदाहरणे होत.

वलयाचे महत्त्व : मुक्त टोकांची साखळी विद्रावात सतत निरनिराळे आकार धारण करते. प्रथिनाशी बद्ध होताना मात्र तिला त्यांपैकी एकाच आकारात स्थिरावावे लागते व त्यामुळे बंधन दुर्बल होते. वलयामुळे संभाव्य आकार मोजके राहतात. योग्य आकार आधीच साधला असेल, तर पकड घट्ट व विवक्षित होते. शिवाय साखळी टोकांपासून तोडणाऱ्या एंझाइमांची वलयावर क्रिया होत नाही. दोन प्रथिने जेथे परस्परांना भिडतात, त्या सपाट पृष्ठभागांवर लहान औषधी रेणूंना सहसा आधार सापडत नाही; तेथे मोठे वलय उपयोगी पडते.

संश्लेषण : व्हिन्सेंट द्यू व्हीन्यो यांनी १९५३ मध्ये ऑक्सिटोसिनाचे संश्लेषण केले. त्यातील वलय दोन गंधक अणूंमधील बंधाने बनते. ब्रूस मेरिफील्ड यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत रेझिनाच्या कणांवर एकेक ॲमिनो अम्ल जोडून साखळी वाढवितात. ज्या गटांची विक्रिया नको असते, ते तात्पुरते झाकून ठेवतात.

वलय मिटविणे हा सर्वांत कठीण टप्पा होय. एका रेणूची टोके परस्परांना न जुळता शेजारच्या रेणूंना जुळू शकतात. हे टाळण्यासाठी विद्राव अतिशय विरल ठेवतात. साखळीच्या मध्यभागी प्रोलीन किंवा दक्षिण-ॲमिनो अम्ल असल्यास तिला वळण मिळून टोके जवळ येतात. श्व्हायझर व झीबर यांनी १९५८ मध्ये पाच ॲमिनो अम्लांची साखळी वापरली असता दोन रेणू जुळून दहा अम्लांचे ग्रॅमिसिडीन-एस मिळाले.

औषधी उपयोग : अकरा ॲमिनो अम्लांचे सायक्लोस्पोरीन सायक्लोफिलीन या प्रथिनाला चिकटते व हे युग्म कॅल्सिन्यूरीन या एंझाइमाचे कार्य रोखते. परिणामी रोपित इंद्रियाविरुद्धची प्रतिक्षमता मंदावते. त्यातील सात नायट्रोजन अणूंवर मिथिल गट असल्याने, रेणू मोठा असूनही पेशीपटल ओलांडतो व औषध तोंडाने देता येते. मात्र मूत्रपिंडांना अपाय होण्याचा धोका राहतो. सापाच्या विषातील प्रथिनावरून रचलेले एप्टिफिबॅटाइड रक्तबिंबिकांचे गुठळणे थांबविते, पण ते शिरेतूनच द्यावे लागते. त्यामुळे प्रथिनावरील पकड व पेशीप्रवेश हे दोन्ही गुण एकाच वलयात साधणे, ही या क्षेत्रातील मुख्य समस्या आहे.