पत्र पहिल्या मालकाला, धोका दुसऱ्याला

जपानच्या ताकाता कंपनीच्या एअरबॅगमधील दोष मुळात रसायनाचा होता. अपघाताच्या क्षणी पिशवी फुगविण्यासाठी धातूच्या लहानशा डबीत अमोनियम नायट्रेटच्या दाबून बसविलेल्या वड्या असत. ओलावा शोषणारे द्रव्य सोबत न घातल्यामुळे वर्षानुवर्षे दमट हवा आणि तापमानाचे चढउतार सोसून त्या सादळत, भुसभुशीत होत, आणि ज्या घडीला मोजक्या वेगाने जळून वायू सोडावयाचा त्या घडीलाच त्या भडकून जळत, डबी फुटे आणि तिचे धारदार तुकडे, ज्या चालकाचे रक्षण करावयाचे त्याच्याच मानेत व छातीत शिरत. जगभरातून सुमारे १० कोटी डब्या परत मागवाव्या लागल्या, २०१७ साली कंपनीचे दिवाळे निघाले. भारतातही होंडाने लाखाहून अधिक मोटारी त्यापायी परत बोलाविल्या.

गाडी जुनी होत जाईल तसा हा दोष पिकत जातो. आणि नेमकी तेथेच आपल्या कायद्याची तजवीज अपुरी पडते, असे माझे स्पष्ट मत आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात सदोष गाड्या परत बोलाविण्यासंबंधीचे (रिकॉलचे) कलम ११०-अ दाखल झाले, १ एप्रिल २०२१ पासून त्याखालील नियम अमलात आले, आणि सरकारच्या हुकमावरून गाड्या परत बोलाविणे भाग पडल्यास एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही झाली; परंतु हे नियम सात वर्षांच्या आतील वाहनांपुरतेच आहेत. मुंबईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या दमट हवेत दहा-बारा वर्षे उघड्यावर उभी राहिलेली गाडी त्या मुदतीपलीकडे केव्हाच गेलेली असते.

दुसरी उणीव दफ्तराची. कंपनीच्या नोंदीत बहुधा पहिल्या खरेदीदाराचाच पत्ता असतो. गाडी दोनदा विकली गेली तरी सूचनेचे पत्र त्याच्याच दारी जाते, आणि ज्याचे कुटुंब आज त्या गाडीतून प्रवास करते त्याला कशाचीच वार्ता नसते. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याने आर.सी. बुकावरील १७ अक्षरांकांचा चासी नंबर, ज्यात एक व शून्य यांच्याशी गल्लत होऊ नये म्हणून आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वगळलेली असतात, कंपनीच्या संकेतस्थळावर घालून पाहावा, किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरात रीतसर चौकशी करावी.

रिकॉलखालील दुरुस्ती विनामूल्य असते. ती मेहेरबानी नव्हे, आणि मालक दुसरा की तिसरा, याने त्या हक्कात फरक पडत नाही. सुटा भाग शिल्लक नाही असे उत्तर मिळाल्यास ते लेखी घ्यावे, तारीख मागावी. टाळाटाळ चालूच राहिली तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. नाक्यावरच्या गॅरेजात भंगारातील एअरबॅग बसवून घेण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा, आणि काम झाल्यावर जॉबकार्डावर रिकॉलचा उल्लेख व बदललेल्या भागाची नोंद झाल्याखेरीज गाडी ताब्यात घेऊ नये.